डेटाबेस बदलताना एसक्यूएलचे रूपांतर : वाचकांचे प्रश्न

चालू ॲप्लिकेशन एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर नेताना त्यातील एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, बदलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना अधिक जागा दिली आहे, कारण बहुतेक पत्रांमधील अडचणींचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : आमचे ॲप्लिकेशन अनेक वर्षे ओरॅकलवर चालत होते. ते पोस्टग्रेएसक्यूएलवर (थोडक्यात पोस्टग्रेस) नेण्यासाठी आम्ही ओरा२पीजी हे टूल वापरले, जिथे एरर आल्या तिथे हाताने दुरुस्त्या केल्या आणि आता सर्व क्वेरी विनातक्रार चालतात. तरीही टेस्टिंग करणारे सहकारी काही रिपोर्टचे आकडे जुळत नसल्याचे सांगतात. कोड एरर न देता चालत असेल, तर उत्तर कसे बदलू शकते?

उत्तर : आपण एरर दुरुस्त केल्या, म्हणजे ज्या ठिकाणी नव्या डेटाबेसने स्वतःहून तक्रार केली तेवढीच ठिकाणे आपण पाहिली. जुन्या पद्धतीच्या आउटर जॉइनची '(+)' ही खूण, 'मायनस', 'ड्युअल' हे टेबल, मूल्यानुसार निकाल निवडणारे ओरॅकलचे 'डिकोड' हे फंक्शन यांपैकी काहीही पोस्टग्रेसला समजत नाही आणि तो तसे लगेच सांगतो. हा भाग कंटाळवाणा असला तरी निर्धोक असतो. खरा धोका दोन्हीकडे चालणाऱ्या, पण दोन्हीकडे वेगळे उत्तर देणाऱ्या वाक्यांत असतो आणि आपले सहकारी अशाच वाक्यांवर बोट ठेवत आहेत, असे मला वाटते.

सर्वात आधी रिकामी स्ट्रिंग तपासावी. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (मूल्यच नसणे) यांत भेद करत नाही. फॉर्ममधील मधले नाव कोणी भरले नाही आणि ॲप्लिकेशनने रिकामी स्ट्रिंग पाठवली, तर कॉलममध्ये नल जातो. पोस्टग्रेसमध्ये रिकामी स्ट्रिंग हे स्वतंत्र मूल्य आहे. त्यामुळे स्थलांतरापूर्वीच्या ओळींत नल आणि नंतरच्या ओळींत रिकामी स्ट्रिंग असा मिश्र डेटा साठत जातो आणि 'इज नल' अशी अट असलेली क्वेरी फक्त जुन्या ओळी शोधून देते. 'नॉट नल' कॉलमचे तर संरक्षणच निघून जाते, कारण ओरॅकल तिथे रिकामी स्ट्रिंग नाकारत होता आणि पोस्टग्रेस ती बिनदिक्कत स्वीकारतो. युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) असलेल्या कॉलममध्ये याच्या उलट घडते : ओरॅकलमध्ये तिथे कितीही नल चालत होते, पण पोस्टग्रेसमध्ये दुसरी रिकामी स्ट्रिंग आली की ओळ नाकारली जाते. जोडणीतही फरक पडतो. '||' वापरून स्ट्रिंग जोडताना ओरॅकल नलकडे दुर्लक्ष करतो, तर पोस्टग्रेसमध्ये एक भाग नल असला की संपूर्ण निकाल नल होतो. म्हणून मधले नाव नसलेल्या व्यक्तीचे पूर्ण नावच पत्त्याच्या यादीतून नाहीसे होते. अशा जागी 'कॉन्कॅट' फंक्शन वापरावे, कारण ते नल वगळून उरलेले भाग जोडते.

याच गोष्टीची एक बाजू मला एका कामात उशिरा कळली. 'हा कॉलम रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा वेगळा आहे' अशी अट ओरॅकलमध्ये कधीच खरी ठरत नाही, कारण ती प्रत्यक्षात नलशी केलेली तुलना असते. एका जुन्या प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) अशी अट होती आणि तिच्या आतील कोड वर्षानुवर्षे एकदाही चालला नव्हता. तीच ओळ अक्षरशः तशीच पोस्टग्रेसमध्ये गेली, अट खरी ठरू लागली आणि कोणाच्याही आठवणीत नसलेला तो कोड चालू लागला. तेव्हापासून मी संपूर्ण कोडमध्ये रिकाम्या स्ट्रिंगशी केलेली प्रत्येक तुलना शोधून तिची वेगळी यादी करतो.

यानंतर भागाकार पाहावा. ६० पैकी ४५ गुणांची टक्केवारी काढताना 'गुण भागिले एकूण गुणिले १००' असे लिहिले असेल, तर ओरॅकल ७५ हे उत्तर देतो. रूपांतरात ते दोन्ही कॉलम इंटिजर (पूर्णांक) झाले असतील, तर पोस्टग्रेस ४५ भागिले ६० याचे उत्तर पूर्णांकात शून्य धरतो आणि शून्याला शंभराने गुणतो. ओरॅकलच्या 'नंबर' प्रकाराला इंटिजर करणे वेगाच्या दृष्टीने योग्यच असते. परंतु त्या कॉलमांवर जिथे जिथे भागाकार होतो, तिथे एका संख्येला 'न्यूमेरिक' (दशांश सांभाळणारा प्रकार) करून घ्यावे लागते.

'डिकोड'च्या जागी 'केस' लिहितानाही एक खाच आहे. 'डिकोड' दोन नल समान मानतो, 'केस' तसे मानत नाही. कॉलम नल असल्यास 'बाकी' आणि एरवी 'पूर्ण' असे सांगणारे 'डिकोड' शब्दाला शब्द ठेवून 'केस'मध्ये उतरवले, तर नल असलेली प्रत्येक ओळही 'पूर्ण' दिसेल. इथे 'व्हेन'नंतर 'इज नल' ही अट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

तारखांविषयी वेगळे सांगावे लागेल. ओरॅकलच्या 'डेट' प्रकारात सेकंदापर्यंतची वेळही असते, पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये केवळ दिवस असतो. नाव सारखे दिसते म्हणून कोणी 'डेट'ला 'डेट'च ठेवले, तर वेळ कायमची गमावली जाते. तिथे 'टाइमस्टॅम्प' हवा. महिने मिळवण्याचा नियमही भिन्न आहे. ओरॅकलचे 'ॲड_मंथ्स' महिन्याच्या शेवटच्या दिवसाला शेवटचाच दिवस देते, म्हणून ३० एप्रिलनंतर एका महिन्याने ३१ मे येतो. पोस्टग्रेसमध्ये एक महिन्याचा इंटर्व्हल मिळवल्यास ३० मे येतो. हप्त्यांच्या तारखा काढणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये एका दिवसाच्या या फरकाने व्याजही बदलते. चालू वेळ देणाऱ्या 'सिसडेट'च्या जागी 'नाऊ' घातले असेल, तर 'नाऊ' ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते हे ध्यानात असू द्यावे : तासभर चालणाऱ्या प्रोसीजरच्या लॉगमध्ये प्रत्येक टप्प्यापुढे एकच वेळ नोंदवली जाईल. तिथे 'क्लॉक_टाइमस्टॅम्प' वापरावे.

प्रश्न : आमच्याकडे पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेतील शेकडो प्रोसीजर पॅकेजेसमध्ये (एकत्र बांधलेल्या गटांमध्ये) आहेत. पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल दिसायला जवळपास तशीच असल्याने काम सोपे वाटले होते. आता मात्र एखाद्या ओळीत अडचण आली की त्या आधी टेबलात घातलेल्या नोंदीही कधी कधी सापडत नाहीत. हे कशामुळे होते?

उत्तर : दोन्ही भाषांत 'बिगिन', 'एक्सेप्शन', 'एंड' हे शब्द सारखे आहेत, पण एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली एरर, पकडल्यावर काय रद्द होते याचे नियम वेगळे आहेत. ओरॅकलमध्ये जे वाक्य फसले तेवढेच मागे घेतले जाते. त्याच ब्लॉकमध्ये आधी केलेले इन्सर्ट आणि अपडेट टिकून राहतात, हँडलर (एरर हाताळणारा कोड) आपले काम करतो आणि शेवटी सर्व एकत्र कमिट, म्हणजे कायम, होते. पोस्टग्रेसमध्ये एक्सेप्शनचा भाग असलेला प्रत्येक ब्लॉक आतल्या आत एक सबट्रान्झॅक्शन (स्वतंत्रपणे मागे घेता येणारी उप-ट्रान्झॅक्शन) उघडतो. एक्सेप्शन पकडले गेले की त्या ब्लॉकच्या सुरुवातीपासून डेटाबेसमध्ये केलेले सर्व बदल मागे घेतले जातात, मग हँडलर चालतो. व्हेरिएबलमधील किमती मात्र जशाच्या तशा राहतात, त्यामुळे प्रोसीजर 'इतक्या नोंदी घातल्या' असा आकडा देते आणि टेबलात त्या नोंदी नसतात. आपल्याकडे हेच होत असावे. यावर उपाय म्हणजे मोठ्या ब्लॉकच्या शेवटी एकच एक्सेप्शन न ठेवता, फसण्याची शक्यता असलेल्या वाक्याभोवतीच लहान आतला ब्लॉक करणे. असा ब्लॉक लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये ठेवल्यास प्रत्येक फेरीला सबट्रान्झॅक्शनचा भार पडतो. म्हणून अशा लूपमध्ये शक्य तिथे अट आधी तपासून एक्सेप्शनच टाळावे.

'सिलेक्ट इन्टू'कडेही लक्ष द्यावे. ओरॅकलमध्ये ओळ मिळाली नाही तर 'नो_डेटा_फाउंड' आणि एकाहून अधिक मिळाल्या तर 'टू_मेनी_रोज' हे एक्सेप्शन येते. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहिल्याशिवाय यांतले काहीच येत नाही. ओळ नसेल तर व्हेरिएबल नल होते, अनेक असतील तर पहिली मिळालेली घेतली जाते. म्हणजे 'ग्राहक सापडला नाही' असे सांगणारा आपला हँडलर कोडमध्ये दिसत राहील, पण कधीच चालणार नाही. हाताने लिहिलेल्या किंवा एखाद्या एआय भाषा-प्रारूपाकडून करून घेतलेल्या रूपांतरात मी सर्वप्रथम हाच शब्द शोधतो.

पॅकेजेस पोस्टग्रेसमध्ये नाहीत. फंक्शने एका स्कीमात ठेवून नावांची सोय होते, परंतु पॅकेजमधील व्हेरिएबलना सरळ पर्याय मिळत नाही. ती सेशनभर (एक कनेक्शन उघडे असेपर्यंत) जिवंत असत आणि कोणत्या प्रोसीजरने त्यांत काय ठेवले हे बहुधा कुठेही लिहिलेले नसते. सेशनच्या सेटिंगमध्ये ती साठवता येतात. परंतु कनेक्शन पूल (उघड्या कनेक्शनचा सामायिक साठा) एकच कनेक्शन वेगवेगळ्या वापरकर्त्यांना देत असेल, तर एकाची किंमत दुसऱ्याच्या कामात मिसळण्याचा धोका राहतो. वेळ लागला तरी ही व्हेरिएबल पॅरामीटर म्हणून उघडपणे पाठवावीत, असे माझे ठाम मत आहे. मुख्य काम रोलबॅक झाले, म्हणजे मागे घेतले गेले, तरी लॉग टिकावा म्हणून ओरॅकलमध्ये वापरली जाणारी ऑटोनॉमस (स्वतंत्र) ट्रान्झॅक्शन पोस्टग्रेसमध्ये उपलब्ध नाही; 'डीबीलिंक'द्वारे वेगळे कनेक्शन उघडून ती साधता येते, परंतु असा लॉग ॲप्लिकेशनमधूनच लिहिणे अधिक स्वच्छ. प्रोसीजरच्या आत कमिट करणे २०१८ मध्ये आलेल्या ११व्या आवृत्तीपासून शक्य झाले आहे, मात्र एक्सेप्शन असलेल्या ब्लॉकमध्ये ते चालत नाही.

प्रश्न : आम्ही एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसवर आलो. 'टॉप'च्या जागी 'लिमिट', 'गेटडेट'च्या जागी 'नाऊ' असे बदल झाले आहेत. पण नावावरून शोधताना नोंदी सापडत नाहीत आणि एकाच ईमेल पत्त्याची दोन खाती तयार होऊ लागली आहेत.

उत्तर : एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्वसाधारणपणे निवडलेले कोलेशन (मजकुराची तुलना व क्रम ठरवणारे नियम) इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत फरक करत नाही. पोस्टग्रेस तो करतो. शोधासाठी 'लाइक'च्या जागी 'आयलाइक' घातले की काम झाले असे वाटते. परंतु जॉइन, 'डिस्टिंक्ट', 'ग्रुप बाय' आणि युनिक इंडेक्स हे सर्व त्याच कोलेशनवर विसंबून होते. ईमेलसारख्या कॉलमसाठी 'लोअर' केलेल्या मूल्यावर युनिक इंडेक्स करावा किंवा 'सीआयटेक्स्ट' हे एक्स्टेंशन वापरावे. दुबार खाती आता तयार झालीच आहेत, तर आधी ती एकत्र करावी लागतील, त्याशिवाय इंडेक्स होणार नाही.

याच जातीचे आणखी फरक आहेत. समानता तपासताना एसक्यूएल सर्व्हर शेवटच्या मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष करतो, पोस्टग्रेसचा 'व्हारकॅर' तसे करत नाही. चढत्या क्रमात एसक्यूएल सर्व्हर नल आधी दाखवतो, पोस्टग्रेस शेवटी. 'नल्स फर्स्ट' लिहून जुना क्रम राखता येतो. युनिक कन्स्ट्रेंटमध्ये एसक्यूएल सर्व्हर एकच नल स्वीकारतो, पोस्टग्रेस अनेक. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' असे लिहून जुने वर्तन मिळवता येते.

प्रश्न : आमचा प्रवास उलट्या दिशेचा आहे : पोस्टग्रेसवरून ओरॅकलकडे. इंग्रजी नावे नीट गेली, मराठी नावांवर मात्र लांबीची एरर येते. दोन्हीकडे कॉलमची लांबी २०च आहे.

उत्तर : पोस्टग्रेसमध्ये ती २० अक्षरचिन्हे असतात. ओरॅकलच्या 'व्हारकॅर२'मध्ये वेगळे सांगितले नसेल, तर सामान्यतः २० बाइट धरले जातात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि हलन्त यांसह, ३ बाइट घेते; त्यामुळे २० बाइटांत अशी सहाच चिन्हे मावतात. कॉलम घोषित करताना २०च्या पुढे 'कॅर' लिहावे.

प्रश्न : एसक्यूएलचे प्रमाणीकरण होऊन इतकी वर्षे झाली असताना हे फरक उरलेच का? आणि प्रमाण भाषेत लिहून ही अडचण टाळता येईल का?

उत्तर : क्रम पाहिला की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. कॉड यांचा रिलेशनल प्रारूपावरील (डेटा टेबलांत मांडण्याच्या कल्पनेवरील) निबंध १९७० चा, चेंबरलिन आणि बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा मांडली ती १९७४ मध्ये, ओरॅकल बाजारात आला १९७९ मध्ये आणि अमेरिकेच्या 'ॲन्सी' संस्थेचे पहिले प्रमाण आले १९८६ मध्ये. प्रमाण येईपर्यंत लोकांचा कोड चालू लागला होता आणि तो मोडणे कोणत्याच उत्पादकाला परवडणारे नव्हते. श्रेणीबद्ध डेटा वाचणारे 'कनेक्ट बाय' आणि ओळींना क्रमांक देणारे 'रोनम' ही ओरॅकलची रूपे त्या काळाची देणगी आहे. त्यांचे प्रमाण पर्याय, म्हणजे रिकर्सिव्ह 'विथ' आणि 'फेच फर्स्ट', अनुक्रमे १९९९ आणि २००८ च्या प्रमाणांत आले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यातून एक उपयुक्त पद्धत निघते, जी फार कमी ठिकाणी वापरलेली दिसते. रूपांतराचा मोठा भाग जुन्या डेटाबेसवर असतानाच करता येतो. ओरॅकलला प्रमाण जॉइन, 'केस' आणि 'कोअलेस' बऱ्याच आवृत्त्यांपासून समजतात. रिकर्सिव्ह 'विथ' ११जीच्या दुसऱ्या रिलीजपासून आणि 'फेच फर्स्ट' १२सीपासून चालते. क्वेरी तिथेच प्रमाण रूपात लिहून घेतली, तर जुनी आणि नवी क्वेरी एकाच डेटावर, एकाच इंजिनमध्ये शेजारी शेजारी चालवून तपासता येते आणि फरक निघाला तर तो लिहिण्यातलाच आहे हे निश्चित असते. मग प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी किरकोळ बदलच उरतात; उदाहरणार्थ, पोस्टग्रेसला 'विथ'नंतर 'रिकर्सिव्ह' हा शब्द लागतो, ओरॅकलला लागत नाही.

असे करताना जुन्या कोडमधील चुकाही उघड्या पडतात. 'रोनम १० पर्यंत' आणि 'ऑर्डर बाय' एकाच पातळीवर लिहिले असेल, तर ओरॅकल आधी कोणत्याही दहा ओळी घेतो आणि नंतर त्या क्रमाने लावतो. 'लिमिट' मात्र आधी क्रम लावून पहिल्या दहा घेतो. म्हणजे रूपांतरामुळे रिपोर्ट बरोबर होतो आणि आकडे मात्र बदलतात. अशा वेळी स्थलांतराच्या आधी, जुन्या यंत्रणेतच दुरुस्ती करून ती संबंधितांना कळवावी. दोन्ही बदल एकाच दिवशी केले, तर कोणता फरक कशामुळे पडला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

प्रश्न : सर्व बदल करून झाल्यावर उत्तरे खरोखरच तीच आहेत, याची खात्री कशी करावी? ओळींची संख्या जुळली म्हणजे पुरे का?

उत्तर : पुरे नाही. वर सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच चुकांत ओळींची संख्या अगदी बरोबर राहते. एकाच क्षणी गोठवलेला डेटा दोन्हीकडे ठेवावा आणि प्रत्येक कॉलमसाठी नलची संख्या, रिकाम्या स्ट्रिंगची संख्या, सर्वात लहान व मोठी तारीख, सर्वाधिक लांबी आणि संख्यांची बेरीज काढून तुलना करावी. बेरीज संपूर्ण टेबलाची न घेता महिन्यानुसार किंवा खात्यानुसार घ्यावी, कारण मोठ्या बेरजेत उलटसुलट चुका एकमेकींना झाकतात.

त्यानंतर क्वेरींची पाळी. टूल डेटाबेसमधील प्रोसीजर पाहते, पण ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये तुकडे जोडून बनवलेल्या क्वेरी त्याला दिसत नाहीत. त्या मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे जुन्या डेटाबेसवर प्रत्यक्ष चालणारी वाक्ये काही आठवडे टिपून ठेवणे. त्या काळात महिनाअखेर आलीच पाहिजे. वर्षातून एकदाच चालणाऱ्या क्वेरी या नोंदीतही सापडणार नाहीत. त्यांची यादी काम करणाऱ्या माणसांकडे बसून, विचारून करावी लागते. निकालांची तुलना करताना प्रत्येक क्वेरीला निःसंदिग्ध 'ऑर्डर बाय' द्यावा. तो नसेल तर ओळींचा क्रम कोणताही डेटाबेस हमीने देत नाही आणि जुना क्रम योगायोगाने टिकला होता, एवढेच म्हणता येते. मायएसक्यूएलमध्ये ५.७ आवृत्तीपर्यंत 'ग्रुप बाय' आपोआप क्रम लावत असे आणि ८.०मध्ये ते थांबले. तेव्हा अशा कोडला प्लॅटफॉर्म न बदलताही धक्का बसला.

टेस्ट डेटा मुद्दाम वाकडा असावा : २९ फेब्रुवारी, महिन्याचा शेवटचा दिवस, शून्य, ऋण रक्कम, शेवटी मोकळी जागा असलेले नाव, देवनागरी नाव, नल आणि रिकामी स्ट्रिंग शेजारी शेजारी. रोजच्या डेटाची नुसती प्रत घेतली, तर यांतली निम्मी प्रकरणे त्या दिवशी तिथे नसतात.

स्थलांतर झाल्यानंतर जुना डेटाबेस निदान एका वर्षअखेरीपर्यंत फक्त वाचण्यासाठी चालू ठेवावा, आणि लायसन्सची मुदत त्याच हिशेबाने आधीच ठरवून घ्यावी. वर्षअखेरीचा एखादा आकडा जुळला नाही, तर स्थलांतराच्या दिवसापर्यंतच्या डेटावर जुना निकाल काय येत होता, हे पुन्हा चालवून पाहण्याची सोय दुसरीकडे कुठेही मिळत नाही.